वजनाचा रकाना

न्यू जर्सीत जिथे जिथे मराठी मंडळाचा गणपती बसतो, तिथे तिथे एक नाना असतात. आमच्याकडचे नाना मूळ सांगलीचे. एरवी अगदी तुमच्या-आमच्यासारखे. शनिवारी ओक ट्री रोडवर भाजीला जातात, भेंडीचं टोक मोडून बघतात, बर्फ पडला की "पुढच्या वर्षी घर विकून नॉर्थ कॅरोलायना" असं जाहीर करतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा बर्फावर टाकायच्या मिठाची पोती घेऊन येतात. पण घरातलं लेकरू कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला गेलं आणि त्यानं मेडिकलचं नाव काढलं, की नानांच्या नजरेत फरक पडतो. बोलत असतात तुमच्याशी, पण बघत असतात तुमच्या हुद्द्याकडे. "सध्या काय करता आपण?" हे ते पूर्वीही विचारायचे, आता उत्तर ऐकूनही घेतात.

ज्यांना इकडची पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत, काही मोजके जोडअभ्यासक्रम सोडले, तर बारावीनंतर थेट मेडिकलला जाता येत नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट नावाची परीक्षा, मग ॲमकस नावाचा सामायिक अर्ज. त्या अर्जात 5300 अक्षरांत मला डॉक्टर का व्हायचंय ते सांगायचं, आजवर केलेल्या कामांच्या जास्तीत जास्त पंधरा नोंदी करायच्या, आणि आपल्याला ओळखणाऱ्या लोकांची शिफारसपत्रं मागवायची. पुष्कळ कॉलेजं म्हणतात, दोन पत्रं विज्ञानाच्या प्राध्यापकांची आणि एक विज्ञानाबाहेरच्या प्राध्यापकाचं. काही ठिकाणी कॉलेजातलीच कमिटी सगळ्यांशी बोलून एक एकत्रित पत्र धाडते. मी शिकवते तिथे तशी कमिटी नाही, त्यामुळे ज्याने त्याने आपापले पत्रलेखक शोधायचे. ॲमकसच्या अर्जात या पत्रांसाठी जागा आहेत दहा.

नानांना हा दहाचा आकडा कुणीतरी सांगितला आणि तिथून सगळं सुरू झालं.

खरं तर अर्जातल्या प्रत्येकच गोष्टीवर त्यांचा आक्षेप होता. एमकॅटमध्ये कमीत कमी गुण 472 आणि जास्तीत जास्त 528. हे ऐकल्यावर नानांनी मोबाइलवर हिशेब केला आणि मला म्हणाले, "म्हणजे ढात ढ पोराला एकोणनव्वद टक्के? आणि तो नापास? ही कसली परीक्षा ओ!" शून्यापासून सुरुवात का नाही, हे त्यांना आजवर कुणालाही पटवता आलेलं नाही. मलाही नाही. पण परीक्षा म्हणजे शेवटी आकडा, आणि आकड्याशी नाना झुंजू शकत होते. पत्रांनी मात्र त्यांची झोप उडवली.

त्यालाही कारण आहे. नाना बारावीला होते तेव्हा आपल्याकडे बोर्डातल्या पीसीबीच्या मार्कांवर मेडिकलला प्रवेश मिळे. नानांचं मिरजेचं मेडिकल दोन मार्कांनी हुकलं. ते दोन मार्क कुठे गेले हे त्यांना अजून पाठ आहे: बेडकाच्या हृदयाची आकृती, नावं सगळी बरोबर, बाण दोन उलटे. मग इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी, मग वायटूकेच्या लाटेत अमेरिका. मार्क ही गोष्ट ते अशी अंगावर घेऊन शिकले. दुसरी गोष्ट शिकले वडिलांकडून. घरी टेलिफोनसाठी नंबर लावून वर्षं लोटली होती. शेवटी वडिलांनी खासदारांच्या कोट्यातून पत्र मिळवलं आणि काळा फोन घरी आला. त्या पत्राची झेरॉक्स सही-शिक्क्यासह कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली असायची. तेव्हा जगात काम होतं ते मार्कांनी, नाहीतर ओळखीनं, हे नानांना बारावीचा निकाल लागेपर्यंत कळून चुकलं होतं. कुणीतरी पोरीला जवळून पाहिलेलं असावं आणि जे पाहिलं ते त्यानं लिहून द्यावं, हा तिसरा प्रकार त्यांच्या अनुभवात कधी आलाच नाही. आपल्यापैकी किती जणांच्या आलाय?

एका रविवारी सकाळी नाना फोन न करता दारात उभे राहिले. इकडे असं कुणी करत नाही, म्हणजे काम मोठं होतं. शिवाय आल्या आल्या "ताई" म्हणाले. नाना मला तीन प्रकारे हाक मारतात. मंडळात पाहुण्यांशी ओळख करून द्यायची असेल तर 'प्रोफेसर', माझी वर्गणी राहिली असेल तर 'मॅडम' आणि काम असेल तर 'ताई'.

चहा यायच्या आत त्यांनी लॅपटॉप उघडला. एक्सेलची शीट होती. रकाने सहा: नाव, हुद्दा, ओळख कुणामार्फत, ओळख कितपत, फोन झाला का, आणि शेवटचा रकाना पिवळ्या रंगात, 'वजन'. दहापैकी.

पहिल्या ओळीत आमच्या भागाचे काँग्रेसमन. वजन दहा. 'ओळख कितपत' या रकान्यात लिहिलं होतं, 'देणगीच्या जेवणात शेजारच्या टेबलावर'. दुसऱ्या ओळीत एक कार्डिऑलॉजिस्ट, देवळाचे विश्वस्त, वजन नऊ. तिसरे नानांच्या साहेबांच्या साहेबांचे साहेब. चौथे मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलचे माजी डीन, म्हणजे वहिनींच्या मावसबहिणीचे व्याही. त्यांना आठ, आणि पुढे शेरा: 'तिकडचे असल्यामुळे एक कमी.' पाचव्या आणि सहाव्या ओळीत दोन सर्जन, ज्यांना नानांनी अधिवेशनात व्हिजिटिंग कार्ड दिलं होतं. दर दोन वर्षांनी बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा लोक नाटकं बघतात, पुरणपोळ्यांच्या रांगेत शाळासोबती शोधतात. नाना त्या वर्षी गळ्यातल्या बिल्ल्यांवरचं 'डॉ.' वाचत फिरत होते. त्यातले एक पीएचडी निघाले तेव्हा त्यांनी कार्ड परत मागून घेतलं म्हणे.

सातव्या ओळीत मी होते.

"ताई, तुम्हाला पाच दिलेत," नाना म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही अजून असोसिएट आहात ना. फुल प्रोफेसर झालात की सहा करतो."

"नाना, तुमची मुलगी माझ्या वर्गात दोन सेमिस्टर होती."

"म्हणून तर पाच! आधी तीनच होते."

शीटच्या तळाला राखाडी रंगात दोन ओळी होत्या. एक माझ्याच लॅबचा टीए, म्हणजे पीएचडी करणारा आणि विद्यार्थ्यांकडून प्रयोग करून घेणारा मुलगा. वजन दोन. दुसरी हॉस्पिसमधली स्वयंसेवकांची कामं बघणारी बाई. हॉस्पिस म्हणजे ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशा माणसांची अखेरपर्यंत काळजी घेणारी व्यवस्था. नानांची मुलगी तिथे दर गुरुवारी संध्याकाळी जायची. त्या बाईंना वजन एक.

"ही दोन नावं तिनं घातलीत," नाना हळू आवाजात म्हणाले. "पोरगी हुशार आहे ओ, पण व्यवहार कळत नाही."

कार्डिऑलॉजिस्टांना नानांनी गणपतीत गाठलं. आमचा गणपती भाड्यानं घेतलेल्या मिडल स्कूलच्या सभागृहात असतो. फायर अलार्म वाजू नये म्हणून आरतीला विजेवरच्या पणत्या. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, आणि डॉक्टरसाहेब मोदकाचा द्रोण हातात घेऊन वळतात तो समोर नाना. एका हातात मोदक, दुसऱ्या हातात चमचा, त्यामुळे डॉक्टरांना हात झटकून निघूनही जाता येईना. ते मोठ्या मनाने म्हणाले, "अहो लिहितो की, त्यात काय! तुम्ही ड्राफ्ट पाठवा, मी सही करतो."

नाना हर्षभरित होऊन मला सांगायला आले. मला मात्र हे वाक्य ऐकलं की धडकी भरते. मोठ्या माणसाला 'हो' म्हणण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. ज्याला लिहिण्यासारखं काही ठाऊक असतं तो ड्राफ्ट मागत नाही. फार तर मुलीचा बायोडेटा मागतो आणि अर्धा तास भेटायला बोलावतो.

ड्राफ्ट नानांनी रात्री जागून केला आणि 'जरा नजर घाला' म्हणून मला पाठवला. सुरुवात होती 'धिस इज टू सर्टिफाय दॅट'. मग 'टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज शी बेअर्स अ गुड मॉरल कॅरॅक्टर'. सांगलीच्या हायस्कुलातल्या दाखल्यांची इंग्रजी चाळीस वर्षांनी जशीच्या तशी साता समुद्रापार उतरली होती. दुसऱ्या परिच्छेदात घराण्याची माहिती: वडील पेशानं इंजिनिअर, मंडळाचे दोन वेळा खजिनदार, हिशेब चोख. तिसऱ्यात स्वतः डॉक्टरसाहेबांनी आजवर किती स्टेंट घातले ते. मुलगी अख्ख्या पत्रात एका वाक्यापुरती होती: 'शी इज सिन्सिअर.'

मी म्हटलं, "नाना, हे पत्र वाचून ते तुम्हालाच ॲडमिशन देतील."

नानांना हे फारसं वाईट वाटलं नाही.

अमेरिकेतल्या वैद्यकीय कॉलेजांच्या संघटनेनं, म्हणजे एएएमसीनं, पत्र लिहिणाऱ्यांसाठी सूचना काढलेल्या आहेत. त्या मी नानांना वाचून दाखवल्या. वकिली करू नका, मूल्यमापन करा. लांबीपेक्षा दर्जाला महत्त्व. तुमच्या लॅबबद्दल, कोर्सबद्दल, संस्थेबद्दल लिहीत बसू नका, विद्यार्थ्याबद्दल लिहा. तुम्ही त्याला किती काळ आणि कोणत्या नात्यानं ओळखता, आणि स्वतः काय पाहिलंत ते सांगा. मार्क पुन्हा सांगू नका, त्यामागची काही हकिकत असेल तरच त्यांचा उल्लेख करा. नाना सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "हे सामान्य लोकांसाठी असेल."

मी दरवर्षी वसंतात अशी पत्रं लिहिते, कारण मेच्या सुरुवातीला ॲमकसचा अर्ज खुला होतो आणि मेच्या शेवटी-जूनच्या सुरुवातीला तो पाठवायला लागतात. मार्च उजाडला की माझ्या मेलबॉक्सात अशा मुलांची रांग लागते ज्यांचे चेहरे मला फक्त मागून ठाऊक असतात. 'तुमच्या वर्गानं माझं आयुष्य बदललं' असं एकानं कळवलं. वर्गाचं नाव दुसरंच लिहिलं होतं. अशांना मी नाही म्हणते, आणि हे नाही म्हणणं ही मी त्यांच्यावर केलेली मेहेरबानी आहे. कारण ज्याला काही माहीत नाही त्याचं पत्र रिकामं जात नाही, ते बोलतं. 'वक्तशीर आहे', 'नियमित हजर असते', 'गृहपाठ नीटनेटका' असं एखाद्या नामवंताच्या लेटरहेडवर आलं, की निवड समितीतला वाचणारा समजून जातो, या सद्गृहस्थांना हिच्याबद्दल घड्याळापलीकडे काही ठाऊक नाही. वर्षाला पन्नास हजारांच्या घरात अर्ज येतात, जागा तेवीस हजारांच्या आसपास. वाचणाऱ्याला पत्र बाजूला ठेवायला निमित्त लागत नाही.

नानांची मुलगी माझ्याकडे आली ती वेळ ठरवून, ऑफिस अवर्समध्ये. म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी स्ट्राँग लेटर लिहू शकाल का? नसेल जमत तर तसं सांगा, मी दुसऱ्या सरांना विचारेन." हा प्रश्न असाच विचारायचा असतो. 'पत्र द्याल का?' या प्रश्नाला भिडेपोटी होकार मिळतो. 'भक्कम पत्र द्याल का?' असं विचारलं की समोरच्याला मान राखून सुटायला दार राहतं.

मला सुटायचं नव्हतं. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या दुसऱ्या चाचणीत तिला 100 पैकी 61 मिळाले होते. असे मार्क मिळाले की मुलं दोन प्रकारे येतात: रडत, नाहीतर भांडत. ही आली ती पेपर घेऊन. चुकलेल्या प्रत्येक उत्तराशेजारी तिनं हिरव्या शाईनं लिहिलं होतं. बरोबर उत्तर नव्हे, ते तर कुणीही लिहितं. 'हे लिहिताना मी काय गृहीत धरलं होतं' ते लिहिलं होतं. एका ठिकाणी: 'इथे कार्बनला चार हात हे विसरले नव्हते, पण पाचवा सोडून जाणार आहे असं मनात धरलं, आणि तो जात नाही.' पुढच्या चाचणीत मार्क वाढले, पण मी पत्रात ते लिहिलं नाही. मार्क त्यांच्याकडे होतेच. मी हिरव्या शाईबद्दल लिहिलं. जो डॉक्टर आपलं निदान कुठे घसरलं हे स्वतः शोधून लिहून ठेवतो, त्याच्याकडे मी माझ्या आईला न्यायला तयार आहे.

टीएलाही मी विचारलं. तो म्हणाला, लॅबमध्ये तिच्या शेजारच्या मुलाचा प्रयोग दर वेळी बिघडायचा, आणि ही स्वतःचं थांबवून त्याचं काचसामान धुऊन द्यायची, पण त्याचा प्रयोग कधी करून देत नसे. टीएचं स्वतंत्र पत्र सहसा तेवढं धरलं जात नाही, म्हणून त्याचं म्हणणं मी माझ्या पत्रात त्याच्या नावानिशी घातलं. नानांच्या शीटमधले दोन अशा रीतीनं माझ्या पाचात मिळवले गेले.

आता आलं नानांवरचं सगळ्यात मोठं संकट. 1974 साली अमेरिकेत फर्पा नावाचा कायदा झाला. त्यानं विद्यार्थ्याला स्वतःची शैक्षणिक कागदपत्रं पाहायचा हक्क दिला. पण शिफारसपत्रांपुरता तो हक्क आपणहून सोडायचीही मुभा ठेवली. बहुतेक मुलं सोडतात, कारण गोपनीय पत्रावर वाचणाऱ्याचा जास्त भरवसा बसतो. पत्र प्राध्यापकाकडून परस्पर ॲमकसकडे जातं, मुलाला फक्त 'पोचलं' एवढंच दिसतं.

"हक्क सोडायचा?" नाना म्हणाले. "सहीनं? आपण होऊन? ताई, आमच्याकडं हक्कसोडपत्र बहिणींकडून करून घेतात, आणि त्याच्यावर पण पुढं वीस वर्षं दावा चालतो."

"इथे दावा नाही. टिचकी मारायची, झालं."

"आणि आत काय लिहिलंय ते?"

"कळणार नाही."

"वाईट लिहिलं असलं तर?"

"तरी कळणार नाही."

नाना थोडं पाणी प्यायले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मला बीसीसीत ठेवा."

मी ठेवलं नाही. तेव्हापासून काही आठवडे मी 'मॅडम' होते, वर्गणी भरलेली असूनही.

दरम्यान काँग्रेसमनच्या कार्यालयातून पत्र आलं. जाड कागद, वर गरुडाची मुद्रा, खाली निळ्या शाईची सही; कदाचित यंत्राची, पण निळी. मजकूर सभ्य होता: माझ्या मतदारसंघातला एक तरुण वैद्यकीय शिक्षणाची इच्छा धरतो हे जाणून आनंद झाला, त्याला शुभेच्छा. 'एक तरुण' आणि 'त्याला' हे वहिनींच्या लक्षात आलं. नाना तोवर पत्र लॅमिनेट करून आले होते.

त्याच सुमारास सांगलीहून फोन आला. पुतण्याला नीटमध्ये 720 पैकी चांगले गुण पडले होते, रँक आली होती, कॉलेजही ठरल्यात जमा होतं. वीस लाखांहून जास्त मुलं परीक्षेला बसतात, तिथे संगणक यादी लावतो आणि विषय संपतो. नाना फोन ठेवून बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "तिकडं बरं आहे. पोराला कुणी ओळखत नसलं तरी चालतं." मी नानांना बरीच वर्षं ओळखते, त्यांच्या तोंडून निघालेलं सगळ्यात खरं वाक्य बहुधा हेच. एका पेपरवर सगळं आयुष्य टांगणारी ती पद्धत मला काही फार थोर वाटत नाही, पण ती कुणाच्या बापाला कुणाच्या मोदकाच्या द्रोणापुढे उभं करत नाही, हे मान्य करायला हवं.

अर्ज भरायची वेळ आली तेव्हा त्यांच्या घरी बैठक झाली. मला 'ताई' म्हणून बोलावणं आलं. मुलीनं सांगितलं, पत्रं चार: माझं, बायोलॉजीच्या ज्या सरांच्या प्रयोगशाळेत ती काम करते त्यांचं, इतिहासाच्या प्राध्यापिकेचं आणि हॉस्पिसमधल्या बाईंचं.

"आणि डॉक्टरसाहेब?" नाना.

"बाबा, ते मला ओळखत नाहीत."

"म्हणून तर ड्राफ्ट आपण दिलाय!"

"आणि काँग्रेसमन म्हणतात मी मुलगा आहे."

नानांनी शेवटचा मुद्दा काढला. "दहा जागा आहेत. चारच भरायच्या? सहा रिकाम्या गेलेल्या दिसतील की त्यांना!" मी सांगितलं की दहा जागा आहेत त्या वेगवेगळ्या कॉलेजांना वेगवेगळी पत्रं लावता यावीत म्हणून, सगळी एकालाच पाठवायची नसतात. ते नानांना कळलं. पण फुकट मिळणारी जागा रिकामी सोडायची, हे काही पचलं नाही.

तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हात पुसत म्हणाल्या, "अहो, माझ्या लग्नाच्या वेळी मामांनी तुमची चौकशी कुणाकडे केली होती, आठवतंय? तुमच्या साहेबांकडे नाही, आमदारांकडे नाही. पुण्यात तुम्ही जिथं जेवायचात त्या मेसच्या काकूंकडे."

"हे मला कधी कुणी सांगितलं नाही," नाना एकदम सावध झाले. "काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या, मुलगा पैसे वेळेवर देतो, पण रोज भाजीला नावं ठेवतो. दोन्ही खरं निघालं."

यावर नाना काही बोलले नाहीत. त्या दिवशी घरी दोडका होता, तोही त्यांनी निमूटपणे खाल्ला. अर्ज जूनच्या पहिल्या आठवड्यात गेला, चार पत्रांवर.

पत्रांत काय होतं हे मुलीला अर्थातच ठाऊक नव्हतं. त्यातलं एवढंसं कळलं ते मुलाखतीत. समोरच्या डॉक्टरांनी तिला पहिलाच प्रश्न विचारला, "ते लॉटरीवाले आजोबा कोण?" हॉस्पिसमध्ये एक म्हातारे गृहस्थ होते. बोलणं जवळजवळ थांबलेलं. त्यांना दर गुरुवारी लॉटरीचे आकडे वाचून दाखवायचे असत, आणि तिकीट लागलं नाही की ते खूश व्हायचे, कारण मुलांमध्ये भांडणं होणार नाहीत. ही ते आकडे मन लावून वाचायची आणि दर आठवड्याला त्यांचं अभिनंदन करायची. हे ती विसरूनही गेली होती. हॉस्पिसच्या बाई विसरल्या नव्हत्या; एक वजनाच्या त्या बाईंनी ते लिहून पाठवलं होतं.

नानांना हे फोनवर कळलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच ऐकलं, "पत्रात लॉटरी? मेडिकलच्या पत्रात लॉटरी घातली त्या बाईनं?" दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

फेब्रुवारीत प्रवेश मिळाला. नाना पेढे घेऊन आले, तेही कंदी, साताऱ्याहून कुणाबरोबर तरी मागवलेले. मी विचारलं, "मग नाना, आता ती शीट?" त्यांनी लगेच मोबाइलवर उघडून दाखवली. हॉस्पिसच्या बाईंचं वजन एकाचं चार झालं होतं. माझं पाचाचं साडेपाच. काँग्रेसमनचं दहा होतं ते दहाच.

"नाना, ते पत्र तर आपण पाठवलंच नव्हतं."

"पाठवलं नव्हतं, खरंय," नाना पेढ्याचा कागद घडी करत म्हणाले. "पण त्यांच्या ऑफिसात नोंद तर झाली असणार की."

मुलगी आता पहिल्या वर्षाला आहे, प्रेतविच्छेदनाच्या वर्गातून आली की घरच्यांना जेवताना फोन करते. नाना मात्र मोकळे झालेले नाहीत. धाकटा अकरावीत आहे, त्याला इंजिनिअर व्हायचंय, पण त्याचं अजून ठरलेलं नाही असं नाना म्हणतात. शिवाय मंडळातल्या इतर पालकांना आपल्या अनुभवाचा लाभ व्हावा म्हणून येत्या कोजागरीला 'वैद्यकीय प्रवेश आणि शिफारसपत्रे' या विषयावर त्यांचं मार्गदर्शन ठेवलंय. प्रवेश विनामूल्य, मसाला दूध मंडळातर्फे. अवश्य या. फक्त दारात नाना स्वतः उभे असतील आणि तुम्हाला हुद्दा विचारतील, तेव्हा 'रिटायर्ड' म्हणा आणि सरळ दुधाच्या रांगेत जा.